बिनशिक्क्याची पावती

—नाही नाही, त्या स्टुलावर नको, त्याचं माझ्यासारखंच आहे, दिसायला सरळ आणि बसलं की कळतं. ह्या खुर्चीवर बसा बाईसाहेब. फक्त टेबलाला कोपर लावू नका, ही शाई धुऊन जात नाही. चाळीस वर्षं शिक्के करतोय मी, बोटं बघा माझी—मेल्यावरसुद्धा जांभळीच राहणार. तर काय सांगत होतो, तक्रारीचा अर्ज मीच केला. करखात्याला आपण होऊन दुकानात बोलावणारा माणूस तुम्ही पहिल्यांदाच बघत असाल. शेजारचा दातांचा डॉक्टर म्हणाला, म्हातारबा, साप आपल्या वाटेनं चालला होता, तुम्ही कशाला त्याची शेपटी ओढलीत. ओढली. अन्याय झाला की माझं डोकं फिरतं. चौथीत दोनदा बसलो मी, दुसऱ्या खेपेला मास्तरांनाच कंटाळा आला म्हणून वर ढकललं, पण अन्याय कळायला चौथी पुरते.

हा तुमच्याच कचेरीतून आलेला कागद. गेल्या वर्षात मी पाच दानं केली. दान केलं की तेवढ्यावरचा कर सुटतो, हे तुम्हाला काय सांगायचं, तुमचाच कायदा. पाचही दानं एकाच ठिकाणी, त्या टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमाला. चार रोख. चारींच्या पावत्या जोडल्या, चारींवर तुमची हिरवी खूण—छान. पाचवं दान शिलाई मशीन. पायाचं, चालू, पट्ट्यासकट. त्याचीही पावती जोडली. आणि त्यावर काय, तर लाल काट. बाजूला लिहिलंय—तुमचंच अक्षर ना हे? मोत्यासारखं आहे, अक्षराबद्दल तक्रार नाही—'पावती संशयास्पद. संस्थेच्या इतर पावत्यांशी जुळत नाही.' संशयास्पद म्हणे. बाईसाहेब, ह्या दुकानातून आजवर बाहेर पडलेल्या सगळ्या कागदांत हा एकच कागद—बरं, असो. चहा घेणार? नाही? लाच नाही हो ती, बिनसाखरेचा असतो.

मान्य आहे, पावती दिसायला गबाळी आहे. वहीचं फाडलेलं पान, शिसपेन्सिल, कोपऱ्यावर डाळीचा की कशाचा डाग. 'एक शिलाई मशीन मिळाले, चांगले चालते', खाली सही, तीही धावती. आणि त्या चार बघा—जाड कागद, क्रमांक छापलेला, मधोमध लंबगोल शिक्का, शिक्क्यात ओंजळ, ओंजळीभोवती आश्रमाचं नाव कसं गोल फिरलंय. ओंजळीची बोटंसुद्धा मोजून घ्या, दहा भरतील. तुम्हाला वाटणारच की हे खरं आणि ते खोटं. कुणालाही वाटेल. पण मी समोर उभा होतो ना. तिथल्या मोठ्या बाईंनी माझ्यासमोर पान फाडलं, कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीला टेकवून लिहिलं. मी म्हटलं, बाई, शिक्का? तर म्हणाल्या, शिक्का कुठला आणू, आश्रम निघाल्यापासून आमच्याकडे शिक्काच नाही.

काय?

नाही, असं म्हणालो का मी? शिक्का नाही असं? सापडत नाही असं म्हणाल्या असतील. म्हाताऱ्यांचं घर आहे ते, तिथे दात सापडत नाहीत. तुम्ही लगेच काय लिहून घेताय? लिहिण्यासारखं काही असलं तर मीच सांगेन. विषय मशीनचा आहे. मशीन तुम्ही तिथे जाऊन बघू शकता, खिडकीखाली ठेवलंय, डावीकडची फळी थोडी जळालेली, आमच्या हिने एकदा गरम इस्त्री ठेवली होती. हिचंच मशीन ते. हिला जाऊन दीड वर्ष झालं. चौतीस वर्षं चालवलं हिने, पायाच्या पट्टीवर उजवीकडे पाऊल उमटलंय बघा, लोखंड झिजून. इतकी वर्षं मी पुढे ठपठप आणि ही मागे खटखट, ऐकणाऱ्याला वाटावं केवढा कारखाना आहे.

रोखीचं म्हणताय? चार वर्षांपूर्वीच्या पावत्याही बघितल्यात तुम्ही? अकरा वर्षांच्या? सगळ्या सारख्याच आहेत म्हणता. असणारच. आमची गल्लीच दानशूर आहे. दातांचा डॉक्टर देतो, घरमालक देतो, गाडी शिकवणारा देतो—तो स्वतःच्या आईला आठवड्यातून एकदा फोन करत नाही, पण कागदावर बघा, त्या आश्रमातल्या म्हाताऱ्यांसाठी नुसता झिजतोय. घरमालकाची आई तर वारून नऊ वर्षं झाली, तीसुद्धा दर वर्षी देते. तुमच्या कचेरीनं तिलाही हिरवी खूण केली. मेलेली बाई दान करते ते चालतं, आणि जिवंत माणसानं मशीन दिलं की लाल काट. म्हणजे तुमचा विश्वास माणसावर नाही, शिक्क्यावर आहे. त्याबद्दल मी कशाला कुरकुर करू, माझं पोट त्यावरच चाललंय.

शंभराची पावती दहाला. बाईसाहेब, तोंड असं करू नका, बाजारात पंधरा चालतात.

बसा. बसा हो. आता तुम्ही उठलात तर माझं अर्धंच कळेल, आणि अर्धं कळलेला माणूस फार वाईट दिसतो. तो शिक्का मी केला. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टर आला, म्हणाला, कर फार बसतोय, कुठे दान दाखवता येईल का. मी म्हटलं, दाखवायचंच आहे ना, मग करायचं कशाला. टेकडीपलीकडच्या आश्रमाची पाटी येताजाता बघितली होती, नाव तेवढं उचललं, ओंजळ माझ्या डोक्यातली. आयजीच्या जिवावर बायजी उदार, म्हणतात ना, तशी अख्खी गल्ली उदार झाली. मजा यायची, खोटं कशाला बोलू. मोठमोठे शिकलेले लोक ह्याच स्टुलावर बसायचे, पडायचे, आणि मला 'साहेब' म्हणायचे. ओल्या पावत्या मी मागच्या खोलीत दोरीवर वाळत घालायचो. ही मशीनवरून मान वर करून बघायची. एकदा म्हणाली, अहो, त्या म्हाताऱ्यांना नुसत्या पावत्याच पाठवता, एकदा उशांचे अभ्रे तरी पाठवा. मी हसलो. ती नाही हसली. पुढे दर वर्षी पावत्यांच्या दिवसांत एकदा म्हणायचीच—अभ्रे. तेवढंच, एक शब्द. शेवटी दवाखान्यातही उशी नीट करायला वाकलो तर म्हणाली, अभ्रे राहिले हो.

आता मला अभ्रे शिवता येतात का? म्हणून मशीनच नेलं. हातगाडीवर घालून, टेकडीला वळसा घालून. दारात मोठ्या बाई उभ्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, द्यायला आलात की राहायला? बाई माझ्यासारखीच निघाली. आत गेलो. बावीस खाटा. एका खाटेवर गळतीखाली बादली ठेवलेली, आणि त्या खाटेवरचा म्हातारा पाय मुडपून बादलीला जागा करून झोपलेला. उशा उघड्या. एका उशीलाही अभ्रा नाही हो. मी विचारलं, कुणी देत नाही का तुम्हाला? बाई म्हणाल्या, अकरा-बारा वर्षं झाली, खालच्या गल्ल्यांतून दमडी आली नाही. पूर्वी लोक थोडंथोडं द्यायचे. कुणास ठाऊक काय झालं.

काय झालं ते मला ठाऊक होतं. दहाला मिळतंय तर शंभर कोण देईल. मी कागदावर त्यांचं छप्पर दोनदा घालून दिलंय, बाईसाहेब, अकरा वर्षं त्या लोकांना दूध पाजलंय, आणि त्यांच्याकडे साधा शिक्का नाही. त्यांचा शिक्का माझ्या ड्रॉवरमधे. माझी बोटं त्यांनी बघितली तेव्हा मी हात मागे घेतले, म्हटलं, जांभळं खाल्ली. ऋतू नव्हता.

तिथून पावती घेऊन आलो ती भिंतीला लावली. चाळीस वर्षांत मला मिळालेली पहिली खरी पावती. ती मी तुमच्याकडे पाठवली—कर वाचवायला नाही, त्या मशीनवर किती वाचणार, दोन जेवणांचे. हिच्या मशीनचं नाव एका तरी सरकारी कागदावर हिरव्या खुणेखाली असावं, एवढंच. आणि तुम्ही ती माझ्याच खोट्या पावत्यांशी ताडून बघितलीत आणि खोटी ठरवलीत. हसू नका. बरं, हसा. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीच पहिला हसलो असतो.

तर आता असं करा. त्या चार हिरव्या खुणा खोडा. मागच्या वर्षांच्याही खोडा. दंड बसवा, दुकान विकलं तरी पुरणार नाही, पण बसवा. गल्लीतली नावं हवीत? वही स्टुलाखाली आहे, म्हणून तर ते डुलतं. डॉक्टरचं नाव पहिलं घ्या, साप म्हणाला तुम्हाला. फक्त ही एक लाल काट काढा. शाईची आहे? मग वरून हिरवी ओढा, पेन मी देतो. हं. जरा ठळक. झालं.

आणि हा घ्या शिक्का. ओंजळीचा. जप्त म्हणजे जप्त, मी कुठे अडवतोय. मूठ चांगली सागवानी लाकडाची आहे, फेकू नका, तुमचं काम संपलं की टेकडीपलीकडे पोचवा, नाव त्यांचंच आहे त्यावर. थांबा, पिशवीत काय टाकता? आधी पावती द्या. माझी वस्तू नेताय, पावती नको? पुस्तक कचेरीत राहिलं? मग साध्या कागदावर द्या. त्या वहीचं पान फाडा. पेन नको, ही पेन्सिल घ्या, लिहा—'एक शिक्का मिळाला.' 'चांगला चालतो' लिहायचं तर लिहा, तुमची मर्जी. सही. तुमच्या खात्याचा शिक्का?

आणला नाहीत.

दाखवा इकडे. वा. अगदी हुबेहूब. आता उठा बाईसाहेब, मला ही भिंतीला लावायची आहे, आणि तुम्ही खिळ्यासमोर बसला आहात.