अंगठा साफ करून या

मी रशीद, मूळचा देऊळघाटचा. आमचे अब्बा शिलाई मशीन दुरुस्त करत, बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन गावोगाव फिरत, अन् त्यांची एक सवय होती, मशीन दुरुस्त झालं की गिऱ्हाइकाले द्यायच्या आधी सोताच्या सदऱ्याच्या टोकावर एक टीप मारून पाहात. एकही सदरा धड नव्हता त्यांचा. अम्मी लय चिडायची. हे काऊन सांगून राह्यलो ते पुढं कळंल तुमाले.

मी कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत पडलो, पाच-सहा वर्षं बुलढाण्यात दुसऱ्याच्या दुकानात काम केलं, मग दुसरबीडच्या पुढं रस्त्यावरच्या एका गावात सोताचं सेवा केंद्र टाकलं. दाखले, सातबारा, अन् निराधार बायांच्या हयातीची नोंद. म्हणजे काय, तर वर्षातून एकदा बाईनं येऊन मशीनवर अंगठा ठेवायचा, जुळला तर बाई जिती, नाही जुळला तर निराधाराचा सरकारी पगार बंद. बाई समोर उभी आहे, खोकून राह्यली, नातवाले ओरडून राह्यली, ते चालत नाही. अंगठा पाहिजे.

औंदा मुदतीच्या दोन महिने आधी मी जुना प्रिंटर घेतला, त्याच्यासाठी कॉम्प्युटरात एक जुनं कार्ड बसवलं, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, कुठूनतरी शोधून टाकला, प्रिंटर चालू झाला, मी खूश. अन् त्याच हप्त्यापासून बायांचे अंगठे लागेनात. लाल दिवा पेटायचा, मशीन वाट पाहायचं, मग पाटी यायची, पुन्हा प्रयत्न करा. मी काय म्हणलं? बोटं घासली तुमची. निंदणं-खुरपणं करता, भांडे घासता, रेषा राह्यल्या नाहीत. अंगठा साफ करून या. सगळेच असं म्हणतात, मीबी म्हणलं.

सुगंधामावशी तीनदा आली. आमच्या केंद्रामागंच राहाते, एकटी, कपाशी वेचून हात गेलेले. पहिल्यांदा साबणानं धुऊन आली. दुसऱ्यांदा लिंबू चोळून आली. मी दोन्ही वेळेस मान हलवली. तिसऱ्यांदा अंगठा लालबुंद. काय केलं मावशी, म्हणलं, तर म्हणे तूच त म्हणला ना बापा साफ करून ये, म्हणून टाच घासायच्या वजरीनं रोज सकाळी घासून राह्यली, आता त एक कण मळ नाही, पाह्य. मी तिचा अंगठा मशीनवर ठेवला. पुन्हा प्रयत्न करा. मी म्हणलं, अजून चार दिवसांनी या.

मग एक दिवस लाइट गेली. कॉम्प्युटर बॅटरीवर, प्रिंटर बंद. त्या दिवशी सहा बाया आल्या अन् सहाच्या सहा पास. मले वाटलं, ह्यांचे हात चांगले असतील. काय सांगू तुमाले, इतकं शिकून मले असं वाटलं. लाइट आली तशी सातवी नापास. तवा मी पहिल्यांदा सोताचा अंगठा ठेवला. माझा, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा. पुन्हा प्रयत्न करा.

मग उघडून पाह्यलं. कॉम्प्युटरात असं असतं, की हरेक यंत्र मेंदूले हाक मारतं, माझं काम आलं, घे. प्रिंटरचं कार्ड अन् अंगठ्याचं मशीन दोघांची हाक एकाच नंबरवर लावलेली. त्यात कार्डाचा ड्रायव्हर जुना, हाक पोचली तरी थांबवायचा नाही, प्रिंटर चालू असला की ते कार्ड आपलं ओरडतच राहायचं, अन् अंगठ्याची हाक ऐकायले कोणी मोकळंच नाही. वेळ संपायची. कार्ड काढून फेकलं, ड्रायव्हर पुसला, मशीन पुन्हा लावलं. माझा अंगठा पहिल्या दमात लागला. अर्ध्या घंट्याचं काम होतं. जवळपास दोन महिने मी बायांचे हात तपासले.

गावात सांगावा धाडला, बाया येऊन पास होऊन गेल्या. सुगंधामावशी आली. ठेवला. नाही लागला. आता मशीनचा दोष नव्हता, अंगठ्यावर खरंच काही उरलं नव्हतं, गुळगुळीत, चमकून राह्यला होता. बाकीचे नऊ बोटंबी तिनं सोडले नव्हते. कातडी येईल, रेषा येतील, पण मुदत चारच दिवसांवर होती. गेली. यादीतून नाव कटलं, मग अंगठा जुळला तरी मशीन घेत नाही.

मी लिहून दिलं, मशीन माझं खराब होतं, बाईचा दोष नाही, खाली सही केली. मावशीले घेऊन कचेरीत गेलो. बाबू म्हणे, अर्ज बाईचा पाहिजे, तुमचा काय उपयोग. मग मावशीच्या नावानं अर्ज लिहिला, की माझा अंगठा उमटत नाही. बाबूनं वाचला अन् म्हणाला,

सही येते का? नाही? मग अंगठा लावा.

शाईचा डबा पुढं केला. मावशीनं माझ्याकडं पाह्यलं. तिनं लावला. कागदावर काळा गोळा उमटला, त्यात एक रेष नाही. बाबूनं न पाहता शिक्का मारला, पोच दिली.

त्याले तीन महिने झाले. पोच मावशीच्या पिशवीत आहे. आता मी रोज सकाळी केंद्र उघडलं की आधी सोताचा अंगठा ठेवतो, मगच बायांले आत बोलावतो. मावशी येऊन बसते, कागदाचं काही आलं का विचारते, मी नाही म्हणतो. ती रागवत नाही. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवते, म्हणते सुखी राहाय बापा. तिचा अंगठा लागतो कपाळाले. आता थोडा खरखरीत झाला.