शाळेच्या जत्रेतले सात बोर्ड

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी — नाही नाही, आत नको, मिस्टर पिकरिंग, बुटांना चिखल आहे, मी इथं पायपुसण्यावरच बरी — काल, सोमवारी, सात चाळीसला हे सगळं सुरू झालं. घड्याळ कशाला बघत बसले होते? अहो, एडीला शाळेत पोचवायचं असतं, सकाळी मी घड्याळाशिवाय बघते काय! तर पुढच्या खोलीतून मासळीचा वास. जळक्या मासळीचा. मी कॅलमवर ओरडले — कॅलम म्हणजे माझा नवरा, म्हणजे होणार आहे, चार वर्षं झाली होणारच आहे — म्हटलं, शुक्रवारचे फिश अँड चिप्स परत सोफ्याखाली सरकवलेस का रे? तर तो म्हणे, मासे नाहीत गं, वायर आहे. बाळाच्या पाळण्यामागून जाते ती. पाळणा ओढला तर वायर मऊ झालेली, उकडलेल्या शेवयांसारखी, आणि गालिच्यावर तपकिरी डाग, हा एवढा. बाळ? बाळ झोपलेलं होतं. काही झालं नाही हो तिला. देवाचे आभार तुम्हीच माना, तुमचं चर्चमध्ये येणं-जाणं आहे. मी ऐन वेळी ओळख काढायला गेले तर त्याला आवडायचं नाही.

जून महिन्यात हीटर कशाला, असंच म्हणणार ना? मग यॉर्कशरमध्ये कपडे वाळवायचे कशावर, कॅलमच्या डोक्यावर? खोलीत भिंतीतलं सॉकेट एकच, म्हणून वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड. त्यावर हीटर, बाटल्या उकळायचं यंत्र आणि टीव्ही. आमच्या शेजारचा नदीम इलेक्ट्रिशियन आहे, तो बघायला आला. मी म्हटलं, प्लगमध्ये फ्यूज असतो ना रे, तो काय झोपला होता? तर म्हणे, फ्यूज तेरा अँपियरला उडतो, तुझे तेरा झालेच नव्हते, त्याच्या लेखी सगळं ठीक होतं. वायरच तेवढं ओढायच्या लायकीची नव्हती. त्यानं चाकूनं साल काढली, आत तांब्याचे धागे — छान, लालसर. मग त्यातला एक खरवडला — आत पांढरा! अ‍ॅल्युमिनियम! वरून नुसता तांब्याचा हात फिरवलेला. ते तापतं जास्त, आणि चार वेळा वाकवलं की आतल्या आत तुटतं, मग जेवढे धागे उरले ते आणखी तापतात. घरातल्या वायरीत हे घालायला बंदी आहे म्हणे. मला काय ठाऊक! हातात हलका लागला, मला वाटलं, वा, नव्या पद्धतीचा आहे.

तुम्हाला हे का सांगतेय? सांगते ना. शनिवारी आपल्या शाळेच्या जत्रेत तुम्ही चिठ्ठ्यांच्या पिंपात हात घातला होतात, बरोबर? शून्यावर नाहीतर पाचावर संपणाऱ्या नंबराची चिठ्ठी आली की बक्षीस. बहुतेकांना आंघोळीचं सुगंधी मीठ मिळतं — तेच मीठ, सहा वर्षं झाली, जो जिंकतो तो पुढच्या जत्रेला परत देतो, त्या डब्यानं शाळेत माझ्यापेक्षा जास्त वर्षं काढली असतील. पण तुम्हाला बोर्ड मिळाला. मला कसं कळलं? शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर फोटो आहे तुमचा, काखेत पांढरा बोर्ड, त्याला निळी रिबीन. ती रिबीन मी बांधली. दर रविवारी मैदानावर गाड्यांच्या डिक्क्या उघडून बाजार भरतो, तिथून जत्रेच्या आधीच आठांचा खोका आणला होता. एक घरी ठेवला, सात दिले. कोणाला काय गेलं ते बक्षिसांचं टेबल सांभाळणाऱ्या मिसेस ओल्डरॉइड लिहून ठेवत नाहीत — एरवी बाईंना माझ्या एडीच्या मोज्याला पडलेलं भोकसुद्धा दिसतं! — म्हणून एकेक फोटो बघत कालपासून दारं ठोठावतेय.

चार मिळाले. नदीमनं त्यांच्या वायरीच कापून टाकल्या, कचऱ्यातून उचलून कोणी परत लावू नये म्हणून. दोन घरांनी दिले नाहीत. का म्हणजे — मी त्यांना सांगितलं, शाळेला बोर्ड परत हवेत, बदल्यात चॉकलेटचा डबा घ्या. त्या म्हणाल्या, चॉकलेट तुलाच राहू दे गं कर्स्टी, बोर्ड मस्त चालतोय. मग मी काय बोलणार? सांगता आलं असतं हो. तोंडाशी आलं होतं. पण मग विचारलं असतं ना, तुला कधी कळलं — आणि बुधवारी — काही नाही. बुधवारी काही नाही.

असं बघू नका हो.

बुधवारी हात लागला होता मला वायरीला. गरम होती. कोमट नाही, गरम. मी म्हटलं, नवीन आहे, तापत असेल. हीटर बंद केला, थोड्या वेळानं परत लावला. आणि शुक्रवारी बसून सातही बोर्डांना रिबिनी बांधल्या. दरवर्षी बाकीच्या आया बक्षिसांसाठी टोपल्या सजवून आणतात आणि मी पीचचा डबा नेते, मिसेस ओल्डरॉइड तो दोन बोटांनी उचलतात. या वर्षी म्हणाल्या, अगं बाई, किती उपयोगाची वस्तू! सगळ्यांसमोर. त्यानंतर मी कशी सांगणार होते, की जरा गरम होतोय?

असो. झालं बोलून. द्या आता तुमचा बोर्ड.

इथं नाही? मग कुठं? जूडिथला दिलात? तुमच्या लेकीला, लीड्सला? नव्या घरात — त्यावर काय लावलंय तिनं? कपड्यांचा ड्रायर? अहो मिस्टर पिकरिंग! चहा राहू द्या, किटली ठेवा खाली, फोन घ्या. हो, आत्ता, कामावर असली तरी. सांगा, भिंतीतून प्लग काढ, ड्रायर चालू असेल तर आधी तो बंद कर. शाळेला परत हवाय असं सांगू नका, तेवढ्यासाठी कोणी जागचं उठत नाही, मी बघून आलेय. सांगा, कर्स्टीनं दिला, गरम होतो हे माहीत असून दिला. असंच सांगा. तिच्या शेजाऱ्यांनाही सांगायला सांगा, आणि तुमच्या क्लबात, चर्चमध्ये, भेटेल त्याला — माझ्या नावासकट. लावा फोन. मी निघते, दोन घरं राहिलीत.