कड्याच्या वाटेवर सांगितलेलं नाव

ऐका. सगळे आलात ना? त्या पोरीला जरा जाळाजवळ घ्या, कुडकुडतेय बिचारी. केराप्पा, तू आत भिंतीला टेकून बस, दाराशी नको. आणि दार लोटून घ्या. बाहेरून कुणी हाक मारली तर मी बघेन. तुम्ही ओ द्यायची नाही. कुणीच नाही.

हां, तर ऐका. माघाची रात्र होती. अंधारी. आपल्याच धनगरवाड्यातून एक बाई निघाली. एकटी! कपाळाला बॅटरी बांधलेली, गळ्यात आवाज टिपायचं यंत्र, हातात काठी. कुठं निघाली? कड्याच्या वाटेनं! दिवसासुद्धा आपण त्या अंगाला म्हसरं लावत नाही, आणि ही निघाली जेवणं उरकल्यावर.

बाई कोण? शरयू पोंक्षे. पुण्याची. डॉक्टर होती, पण सुई टोचणारी नव्हे. रानातल्या पाखरांचा शोध करणारी डॉक्टर. त्यातून घुबडांचा! सगळा वाडा तिला घुबडबाई म्हणायचा, तोंडावर. ती हसायची. हसता काय रे? तुमच्या आयांनीच ते नाव ठेवलंय.

वीस वर्षं ती ह्या रानात येत होती. केस काळे होते तेव्हापासून, पांढरे झाले तोवर. आणि कशासाठी? तर एका मुठीएवढ्या घुबडासाठी. आपण त्याला सादकऱ्या म्हणतो. लांब शीळ घातल्यासारखी साद घालतो, शेवटी आवाज वर चढवतो. हू... ऊऊ... ई! अशी. आता कुणी ऐकली आहे का तुमच्यातल्यानं? नाही ना. तिनंही ऐकली नव्हती.

हो, खरं सांगतो. वीस वर्षं त्या पाखरामागं हिंडली आणि स्वतःच्या कानानं एकदाही ऐकलं नाही. तिच्याकडं साद होती, पण यंत्रात भरलेली. ती टिपली आपल्या बमू झोऱ्यानं. बमू तिचा वाटाड्या. एका रात्री बाई तापानं फणफणली होती, म्हणून बमू एकटाच यंत्र घेऊन कड्याच्या वाटेला गेला. पहाटे आला आणि म्हणाला, "बाई, घावला." यंत्र लावलं. आधी साद. मग बमूचा खोकला. मग बमूचाच आवाज, "बास." आणि यंत्र बंद. एवढंच.

बाईनं ते शहरात नेलं. सभेत ऐकवलं. तिथली शहाणी माणसं काय म्हणाली? "मॅडम, तुमचा वाटाड्या पाखरांच्या नकला करतो ना हो? त्याच्याच तोंडचं असेल." आणि हसली. बमू नकला करायचा हे खरं. मोर काय, भेकर काय, हुबेहूब! पण बमू खोटारडा? बाईच्या मनाला ते लागून राहिलं. वर्षं गेली, साद पुन्हा मिळाली नाही. आणि गेल्या पावसाळ्यात बमू छातीच्या दुखण्यानं गेला. आता विचारायचं कुणाला?

ही बाईची शेवटची फेरी होती. गुडघे संपले होते. पुण्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आता डोंगर बंद. दुसऱ्या दिवशी खाली उतरायचं, ते कायमचं. म्हणून ही शेवटची रात्र. तिला एकच गोष्ट हवी होती. ती साद एकदा आपल्या कानानं ऐकायची. बमू खरा होता का, एवढंच कळायला हवं होतं.

बमूची बायको जना. बाई तिच्याकडंच उतरायची. जना चुलीपुढं बसूनच ओरडली, "अगं, बसताना गुडघं धरतीस आणि कड्याला निघालीस? काठी धरायला बमू हाय का आता?"

"शेवटचंच आहे गं, जना."

"मग शेवटचं म्हणून पड की गप घोंगड्यावर!"

"एक साद ऐकते आणि येते."

जनानं फुंकणी खाली ठेवली. म्हणाली, "जातीस तर ऐकून जा. तिथं कुणाचं नाव घ्यायचं न्हाई. आपलं तर मुळीच न्हाई. हाक आली तर गप. दुसरी आली तरी गप. तिसरी आली तर माणूस समजायचं. त्याला तिसरी जमत न्हाई."

"कुणाला?"

"त्याला," जना म्हणाली. आणि पुन्हा चूल फुंकायला लागली.

बाई चपला चढवत हसली. "आणि सादकऱ्यानंच हाक मारली तर?"

"त्याला बी तीनदा ओरडू दे, घुबडे. मग खरं मान."

निघाली. जाताना तिला बमू सारखा आठवत होता. ह्याच वाटेवर तो पुढं चालायचा, विडी ओढत, काठी दगडावर टेकवत. टक, टक. मागं न बघता म्हणायचा, "या बाई, पाय जपून." नावानं हाक त्यानं कधीच मारली नाही. वीस वर्षांत नाही. नुसतं बाई.

माणूस एकटा चालला की पुटपुटतो. तीही पुटपुटली. "बमू, ती साद तुझ्याच तोंडची तर नव्हती ना रे?" मोठ्यानं नाही, हळूच. पण ते रान आहे. रानाला हळू काय आणि मोठ्यानं काय!

अंजनीच्या मोठ्या झाडाखाली ती थांबली. यंत्र चालू केलं. आणि ऐका आता, इथंच चुकलं. ह्या शोध करणाऱ्या माणसांची एक रीत असते. यंत्र सुरू झालं की आधी आपलं नाव सांगायचं. मग जागा. मग हवा कशी आहे ते. पुढं कुणी ऐकलं तर कळावं, कुणी टिपलं, कुठं टिपलं. वीस वर्षांची सवय. जीभ आपोआप वळली. बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "शरयू पोंक्षे. कड्याची वाट. आकाश मोकळं. वारा नाही."

सांगितलं! आपलं नाव, आपल्या तोंडानं, त्या वाटेवर, रात्रीचं!

तिला काही वाटलं नाही. तिनं यंत्रातली बमूची साद लावली. पाखराला वाटावं दुसरा आलाय, म्हणून त्यानं उलट ओरडावं, अशी ती युक्ती. हू... ऊऊ... ई! साद संपली की बाई लगेच कळ दाबायची. पुढचा खोकला वाजू द्यायची नाही. बमू गेल्यापासून तो तिला ऐकवत नव्हता.

रान गप्प. रातकिडे गप्प.

आणि मग लांबून आली. हू... ऊऊ... ई!

बाईच्या अंगावर काटा आला. आनंदानं हो! डोळे भरून आले. पुन्हा आली. हू... ऊऊ... ई! मग थांबली. बाई आवाजाच्या दिशेनं निघालीच. दोनदाच आली, हे ध्यानात आलंच नाही. वीस वर्षांची भुकेली ती, कोण मोजतंय?

थोडं चालून तिनं परत साद लावली. उत्तर आलं. आता जवळून. हू... ऊऊ... ई! आणि त्याच्यामागं खोकला.

बमूचा खोकला!

तिनं यंत्राकडं बघितलं. कळ दाबलेली होती. खोकला यंत्रातून वाजला नव्हता. समोरच्या अंधारातून आला होता.

काय गं, घाबरलीस? ये, आजीजवळ बस.

बाई वळली. परत जायला निघाली. शहाणी होती ती. पण चालते, चालते आणि समोर अंजनीचं झाड. तेच, खोडावर मधाच्या पोळ्याचा काळा डाग असलेलं. डावीकडून गेली. पुन्हा अंजनी. उजवीकडून गेली. पुन्हा अंजनी! दुसऱ्या कुणाच्या लगेच ध्यानात आलं असतं की चकव्यात सापडलो. पण हिचं कामच एका वाटेवर खालवर हिंडायचं. तिला वाटलं, आपणच थकलोय.

मग काठी वाजली. टक. टक. पुढं. विडीचा लाल ठिपका दिसला, चालत्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. आणि आवाज, "या बाई, पाय जपून."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? जन्मभर ज्याच्या मागून चाललो, त्याचा आवाज. पाय ऐकतात का? बाई गेली. ठिपक्यामागं, काठीमागं. करवंदीच्या जाळ्या बाजूला सारत गेली. गुडघे दुखायचे थांबले होते. ते तिला फार बरं वाटत होतं. टक. टक. "या बाई." अजून थोडं. टक. टक. अजून थोडं.

ठिपका थांबला. आणि बमूच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "शरयू पोंक्षे."

बाईचा पाय उचललेला होता. तो तसाच राहिला.

बमू तिचं नाव घेत नव्हता! आडनावासकट तर कधीच नाही. ते नाव बमूच्या तोंडचं नव्हतं, तिनंच सांगितलेलं होतं. मघाशी, अंजनीखाली. तिनं मान खाली घालून बॅटरीचा उजेड पायापुढं पाडला. माती नाही. पाचोळा नाही. नुसतं पांढरं धुकं, खालून वर येणारं. कडा, बाबांनो! एक खडा तिच्या चपलेखालून सुटला. ती ऐकत राहिली, पण तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

आणि विडीचा ठिपका? तो तिच्यापुढं दोन हातांवर होता. धुक्यावर. खाली काही नव्हतं त्याच्या.

ती मागं कोसळली. करवंदीच्या मुळ्या दोन्ही हातांनी धरल्या. यंत्राचा पट्टा फांदीत अडकून तुटला आणि यंत्र गेलं कड्याखाली. उठून पळायचं बळ नव्हतं. आणि पळायचं कुठं? पुन्हा अंजनीकडंच? तिला जनाचं बोलणं आठवलं. तिनं बॅटरी विझवली, मफलरचा बोळा तोंडात कोंबला आणि बसून राहिली.

मग ते भोवती फिरायला लागलं. तिच्याच आवाजात, "शरयू पोंक्षे. कड्याची वाट. वारा नाही." वारा नाही म्हणे! आणि वारा असा सुटला होता की तिचे केस तोंडावर आपटत होते. मागून, "वारा नाही." मग कानाजवळ खोकला. इतका जवळ की मानेवर गार श्वास लागला.

गप्प राहिली बाई.

मग त्यानं शेवटचं काढलं. बमूच्या आवाजात, अगदी रडवेलं होऊन म्हणालं, "बाई, ती साद माझ्याच तोंडची हुती. मी फसवलं तुमाला."

अरे देवा! ओरडावं, खोटं बोलू नकोस म्हणावं, असं घशाशी आलं. एक शब्द, बास. एक शब्द गेला असता की बाई गेली असती. पुन्हा आलं, "माझ्याच तोंडची हुती, बाई." तिनं मफलर चावला. दात मफलरमधून एकमेकांना लागले. ती थांबली. तिसऱ्यांदा येतं का बघत थांबली. खरा बमू असशील तर तिसऱ्यांदा सांग.

नाही आलं. दोनदाच.

किती वेळ गेला कोण जाणे. धुकं राखाडी झालं. कड्याचा काठ दिसायला लागला. आणि तिच्या मागून, रानातून, साद आली. हू... ऊऊ... ई!

बाई हलली नाही.

हू... ऊऊ... ई!

नाही हलली. आता तिचा कशावरच विश्वास नव्हता. डोळे गच्च मिटून बसली. नुसती शांतता.

हू... ऊऊ... ई!

तीनदा! बाईनं डोळे उघडले. वर, वाळल्या फांदीवर, मुठीएवढं लालसर पाखरू बसलं होतं. बाईकडं बघत होतं. मग उडून गेलं. टिपायला यंत्र नव्हतं. बाई मात्र त्या मुळ्या धरून हमसून हमसून रडली.

उजाडल्यावर जना शोधत आली. खालून ओरडली, "घुबडेऽ!" बाई गप्प. "अगं घुबडेऽ!" गप्प. "मेलीस का काय, घुबडेऽ!" तेव्हा कुठं बाईनं ओ दिली.

जनानं तिला घरी आणलं, चुलीपुढं बसवलं. मीही होतो तिथं. तिच्या हातात गुळाच्या चहाचा पेला दिला. सगळं सांगून झालं तेव्हा जना एवढंच म्हणाली, "मग आमचा माणूस खरा हुता?"

"खरा होता, जना. तीनदा ओरडलं."

"पर आता लोकांस्नी कसं सांगशील? यंत्र तर गेलं."

"नाही सांगणार. तुला सांगितलं, झालं."

जनानं चहात अजून गूळ टाकला आणि धुराच्या निमित्तानं पदर डोळ्यांना लावला. बाई त्याच दिवशी डोंगर उतरली. परत आली नाही. पुण्यात आहे म्हणतात, बरी आहे.

पण तिचं नाव वरच राहिलंय.

म्हणून सांगतो, कड्याच्या वाटेला जाऊ नका. गुरं चुकली तरी नको, मधाचं पोळं दिसलं तरी नको. आणि कधी चुकून पाय पडलाच, तर अंधारातून एका बाईचा आवाज येईल. स्वच्छ, शहरातला. आपलं नाव सांगेल. जागा सांगेल. वारा नाही म्हणेल. आणि मग गप्प होईल. भेडसावणार नाही, मागं लागणार नाही. नुसतं थांबेल. समोरच्यानं नाव सांगितलं की आपण आपलं सांगतो ना? लहानपणापासून लागलेली सवय आहे. त्याची वाट बघत थांबेल.

केराप्पा मधाला गेला होता तिकडं. हो ना रे, केराप्पा? बोलणार नाही तो. त्याच्या तोंडून अर्धं नाव गेलं, तेवढ्यात त्यानं जीभ चावली. अर्धंच गेलं. तेव्हापासून तो रात्री एकटा झोपत नाही, कारण...

थांबा.

ऐकलंत? दाराबाहेर.

"केरा..."

गप्प. कुणी ओ देऊ नका. केराप्पा, तोंडावर हात ठेव. एक झाली.

"केरा..."

दोन.

आता कुणी हलू नका. तिसरी येते का बघू.