दुसरी खेप

आमच्या शाळेच्या होडी-स्पर्धेत खेपा करायला परवानगी आहे म्हणून मघाशी हसलात ना? मग आता ऐका.

आधी नियम साधा होता. आठवीच्या मुलांना मी अल्युमिनियम फॉइल द्यायचे, पाण्याचा टब ठेवायचे. फॉइलची होडी करा, तिच्यात गोट्या भरा. बुडायच्या आधी ज्या गटाची होडी जास्त गोट्या घेईल, तो जिंकला. एखादी होडी बुडाली की पोरं टाळ्या पिटायची.

रेश्माची पाळी आली. ही कृष्णाकाठच्या गावातली, कधी फारसं न बोलणारी मुलगी. तिनं मूठभरच गोट्या भरल्या, होडी हळूच टबाच्या पलीकडच्या कडेला नेली, गोट्या उतरवल्या आणि रिकामी होडी परत आणली.

पोरं ओरडली, "बाई, ही चीटिंग करतीय!"

मी म्हटलं, "रेश्मा, खेपा नाही करायच्या. सगळ्या एकदम भर."

"बुडंल की, बाई."

"बुडू दे. त्याशिवाय किती मावतात ते कसं कळणार?"

ती होडीकडंच बघत म्हणाली, "पुरात आमच्या गल्लीतली बी सगळी एकदमच चढली. नाव परत येतीय का न्हाई, या भ्यानं. मधीच बुडाली."

मी विचारलं, "तू होतीस त्या नावेत?"

"न्हाई बाई. आज्ज्याला आदी बसवलं. आई आन मी दुसऱ्या खेपेला जाणार व्हतो."