मी आपली सोडियम

मूर्खपणा माझाच, हे आधीच कबूल करते, म्हणजे तुम्हाला मध्ये बोलायला जागा नको. प्रयोगाच्या तारांना तो बारका एलईडीचा दिवा मीच बसवला. जुना बल्ब होता तो काय वाईट होता? आळशी होता बिचारा, चांगला सणसणीत करंट गेला तरच डोळे उघडायचा. पण मला हौस... म्हटलं यंदा कसं लखलखीत दिसू दे. दिसलं. सगळ्यांना दिसलं.

तुम्हाला सांगते, अठरा वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. बीकर धुवायचे, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि केमिस्ट्रीच्या बाई शिकवत असल्या की मागे उभं राहून ऐकायचं. अठरा वर्षं तोच धडा ऐकून भिंतीलासुद्धा पाठ झाला असेल, मी तर माणूस आहे. आणि बाई नि मी म्हणजे काय, दोघींत एक चष्मा. ॲसिड ओतताना डोळ्यांवर घालतात ना, तो. बाई ओतणार असल्या की बाईंच्या डोळ्यांवर, आणि मी ओतणार असले की... तेव्हाही बाईंच्याच, कारण त्या बघणार असायच्या. तेव्हाच कळायला नको होतं मला? पण नाही. मी आपली सोडियम.

तर महिना-दोन महिन्यांपूर्वी बाई म्हणाल्या, "अगं, तपासणीला साहेब येणारेत. मीठ-साखरेचा प्रयोग तूच कर, आणि बोलायचंही तूच. प्रात्यक्षिक घेणाऱ्याची जागा रिकामी आहे, साहेबांनी एकदा तुला ऐकलं की काम झालं." आता अठरा वर्षं ज्या मदतनिसाचं तोंड फक्त बीकर फुटल्यावर उघडलंय, तिला असं म्हटल्यावर झोप लागेल का? भांडी घासताना बोलत होते, कपडे वाळत घालताना बोलत होते. नवरा म्हणाला, "कुणाशी बोलतेस?" म्हटलं, "साहेबांशी." दोन दिवस भांडी त्यानेच घासली.

प्रयोग साधा हो. एका बीकरमध्ये मिठाचं पाणी, दुसऱ्यात साखरेचं. तारा बुडवायच्या. मिठात दिवा लागतो, साखरेत लागत नाही. का? तर सोडियमच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकुलता एक इलेक्ट्रॉन. क्लोरीनकडे सात, आठवा आला की घर भरलं. मग सोडियम म्हणतं, घे बाबा माझा. दिला की हे धन, तो ऋण, आणि मग दोघं एकमेकांना ओढून धरतात. तो आयनिक बंध. पाण्यात पडले की आयन सुटे होतात आणि करंट वाहतात. साखरेतले अणू असं देऊन टाकत नाहीत, वाटून घेतात. सहसंयुज. पाण्यात विरघळली तरी रेणू अख्खाच्या अख्खा, प्रभार नाही, दिवा नाही.

हे झालं पुस्तकातलं. उदाहरणं माझी. मी माझ्या जावेला छत्री दिली, ती गेली ती गेलीच, पण तेव्हापासून पाऊस आला की मी जावेला चिकटून चालते. जिला दिलं तिच्याच मागे मागे फिरायचं, तो आयनिक बंध. आणि लहानपणी मी नि माझी बहीण, दोघींची एकेक पातळ पांघरुणं, थंडीत एकावर एक टाकून दोघी आत... तो सहसंयुज. बाईंना ऐकवलं तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, कौतुकाने.

तपासणीच्या सकाळी बघते तर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन रिकामा. "बाई, पाणी?" तर म्हणाल्या, "अगं, काल माझ्या गाडीच्या बॅटरीत घातलं. तू नळाचं घे, पाणी ते पाणी." अठरा वर्षं केमिस्ट्री शिकवलेली बाई, पाणी ते पाणी. आणि मी? घेतलं की. मी आपली सोडियम.

साहेब आले. बाई म्हणाल्या, "मी नुसतं सुरू करून देते." आणि सुरू केलं ते थांबेचनात. मी तारा धरून उभी. आणि मग काय ऐकते, "साहेब, मी एकदा माझ्या जावेला छत्री दिली..." अहो, बाईंना जाऊ नाही. नवरा एकुलता एक. माझी जाऊ, माझी छत्री, माझा पाऊस. मग पांघरूण आलं, मग बहीण आली, साहेब मान डोलावतायत, आणि मी तारा साखरेत बुडवल्या.

दिवा लागला. मंद, पण लागला.

साहेब म्हणाले, "हे कसं काय?" बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाणी कुणी भरलं ग?"

सगळे माझ्याकडे. तुम्हाला सांगते, उत्तर जिभेवर होतं. साहेब, साखर निर्दोष आहे, नळाच्या पाण्यात क्षार असतात, करंट त्यांच्या आयनांनी नेला, जुन्या बल्बला पत्ताही लागला नसता, आणि चांगलं पाणी बाहेर बाईंच्या गाडीत उभं आहे. अख्खं, क्रमवार. जागा माझी होती हो त्या उत्तरात. आणि बाईंनी बघितलं माझ्याकडे, त्या चष्म्यातून, एवढंसं तोंड करून.

मी म्हटलं, "मीच भरलं साहेब. चुकलं."

अठरा वर्षांनी बोलले ते हे. साहेबांनी वहीत लिहिलं, मदतनिसाला प्रयोगाची समज कमी, बाईंची उदाहरणं उत्तम. जागा गेली.

साहेब गेल्यावर मी बीकर आपटत धुवायला घेतले, आणि न राहवून म्हटलंच, "बाई, मला वाटायचं आपलं पांघरुणासारखं आहे. हे छत्रीचं निघालं. माझी उदाहरणं घेतलीत, वर चूकही माझ्यावर टाकलीत, आणि मी देत गेले."

बाईंनी चष्मा उतरवला, फडक्याने नीट पुसला आणि म्हणाल्या, "हो. पण पुढच्या वर्षी हेच साहेब येणारेत, तीच उदाहरणं चालायची नाहीत. दोन नवी काढून ठेव."