सहा चाळीसची चावी

—नाही हो ताई, सात दहा नाही, सहा चाळीस. तुमच्या त्या पुस्तिकेत सात वाजून दहा मिनिटं छापलंय, पण ती यंत्रात हात गेला ती वेळ. सुरुवात झाली सहा चाळीसला. मला कसं माहीत? — बसा आधी, त्या निळ्या स्टुलावर बसा, तो दुसरा डुगडुगतो. मांसाच्या किती काड्या देऊ? चार? डुकराचं मांस आज चांगलं मुरलंय, रात्रीच नारळाच्या दुधात घालून ठेवलं होतं. चिकट भातही घ्या, पोटभर खा. उद्घाटनाचा मुहूर्त नऊ वाजून नऊ मिनिटांचा आहे, भिक्खूंचं पठण संपेपर्यंत आत कुणी पाणी नाही विचारणार. ओळखपत्र नवं दिसतंय गळ्यात. आजच रुजू? वाटलंच, दोरी अजून कडक आहे.

हो, तोच माझा नवरा. काचेच्या पेटीत ते कारखान्यातलं बिजागऱ्यांचं दाबयंत्र ठेवलंय ना दारातच, त्याच्याशेजारी उभा राहतो तो. थवीन. उजवा हात कोपरापासून नाही, तोच. पाहुणे आले की दोन पावलं पुढे यायचं, एका हातानं जमेल तसा नमस्कार करायचा आणि बोलायचं — 'माझं नाव थवीन, मी अकरा वर्षं या यंत्रावर होतो, सुरक्षेची चावी मी स्वतःच्या हातानं फिरवली, ती माझी चूक.' एवढंच. मग ते लोक मान हलवणार, फोटो काढणार, पुढच्या दालनात जाणार. महिनाभर घरी पाठ करत होता. आमची मुक — मुलगी, चार वर्षांची — तिलाही पाठ झालंय. परवा शेजारच्या म्हातारीला म्हणून दाखवत होती, 'माझ्या बाबांची चूक, माझ्या बाबांची चूक.' म्हातारी म्हणाली, 'अगं काय गुणाची पोर, गाणं म्हणते!' मी भात धूत बसले. तीनदा धुतला.

आचान माणूस चांगला, मी वाईट म्हणणार नाही. तुमचे मोठे सर हो, वोरावित आचान. ही संस्था म्हणजे त्यांचा जीव. तीन वर्षं कागदांची पिशवी घेऊन वणवण. माणूस आणि यंत्र यांचा मिळून अभ्यास करायचा, यंत्रानं माणसाला समजून घ्यायला हवं, माणसानंच सारखं यंत्राला घाबरायचं असं का — आमच्या घरी चटईवर बसून मला हे सांगायचे, सातवी शिकलेल्या बाईला, जसं काही मी मंत्रीच! विद्यापीठानं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी ते थवीनला बरोबर घेऊन बँकॉकला गेले. समितीसमोर यानं तुटका हात टेबलावर ठेवला आणि तेच वाक्य म्हटलं. त्या दिवशी सही झाली. म्हणजे बघा ताई, ही चार मजली इमारत, ही काच, तुमची नोकरी, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे — आणि आमचं घरही. कारण मग आचाननीच त्याला इथे लावून घेतलं. एका हाताच्या माणसाला आणि तेही 'स्वतःची चूक' असं कागदावर असलेल्या माणसाला कुठला कारखाना दारात उभा करणार?

काड्या पलटते, थांबा, करपतील.

काय विचारलंत — फुलांचं खरं आहे का? खरं आहे. यंत्राची आई असते, त्यात राहणारी देवी, तिला माळ घालायची, तुमच्याकडे गाडीला घालत नाहीत का? तेच. पुढ्यात लाल सरबताची बाटली, तिच्यात नळी, आणि झेंडूची माळ सगळ्यात उंच जागी — कारण डोक्यावर घालायची, पायाशी नाही. आणि त्या दाबयंत्राची सगळ्यात उंच जागा म्हणजे वरचा पिवळा दिवा. तिथेच अडकवायचे सगळे. आता माळेचं शेपूट लांब असलं की पंख्याच्या वाऱ्यानं झुलतं. आणि खाली त्या दोन खांबांमधून न दिसणारा उजेड असतो, त्यात काहीही आडवं आलं की यंत्र थांबतं. हात वाचावा म्हणून. पण त्याला हात काय न् फूल काय! झुललं की थांब, झुललं की थांब. बिजागऱ्यांची मोजणी मागे पडते, लाइनचा मुकादम ओरडतो. मग काय करायचं? माळ काढायची? तुम्ही काढाल? कुणी नाही काढणार, मुकादमसुद्धा नाही. घातलेली माळ आईच्या डोक्यावरून कोण ओढेल? त्यापेक्षा चावी फिरवायची, उजेड बंद करायचा. सगळे करायचे. चावी तिथेच खिळ्याला टांगलेली असायची.

आचान हे ऐकून उठून उभे राहिले होते चटईवरून! म्हणाले, 'माणूस फुलं घालणारच. यंत्रानं ते धरून चालायला हवं.' मला तेव्हा वाटलं, देव माणूस, याला सगळं कळलं. सगळं. फक्त एक त्यांनी विचारलं नाही. 'चावी फिरवल्यावर दिवा लागतो, तो दिसला नाही का?' हे विचारायची गरजच पडली नाही त्यांना. ज्यानं चावी फिरवली त्याला दिवा कशाला हवा, त्याला माहीतच असणार ना?

तुमच्या मनगटावर काय आहे ते? दाखवा. हाच का तो नवा पट्टा? तुम्ही केलात? — अरे वा, हलका आहे. कसा चालतो? …हं. …हं. म्हणजे ज्यानं चावी फिरवली त्याच्याच पट्ट्यात थरथर, चावी परत जागेवर आणेपर्यंत. छान आहे. सगळ्या कारखान्यांत जाणार? तीनशे यंत्रांना? …छान.

आणि चावी फिरवणारी घरी गेली असेल तर?

नाही, सहज विचारते. पाळी बदलते की नाही? रात्रीची बाई सुटते, सकाळचा माणूस येतो. बाईचा पट्टा मोटरसायकलवर थरथरणार, तिला वाटेल रस्ता खराब आहे. आणि इकडे याच्या पट्ट्यात काहीच नाही. वर दिवा पेटलाय, पण दिव्यावर झेंडू आहे, दाट, मूठ मूठभर. तो यंत्रासमोर उभा राहतो, आईला नमस्कार करतो — पठ्ठ्या रोज करायचा — आणि अकरा वर्षं घालत आलाय तसा हात आत घालतो, कारण उजेड आहे, तो थांबवेल—

माळ मीच विणली होती ताई. लांब केली, मुद्दाम. मुकला ताप होता तीन दिवस, म्हटलं आईला भरघोस घालू. एकाच यंत्रावर होतो आम्ही, मी रात्री, तो दिवसा. मूल सांभाळायला दुसरं कोण? सहा चाळीसला शेजारणीचा फोन आला, पोरीचे डोळे फिरलेत. माझ्या साठ बिजागऱ्या राहिल्या होत्या आणि यंत्र सारखं थांबत होतं. मी चावी फिरवली. साठ पूर्ण केल्या. परत फिरवणार होते. देवाशप्पथ परत फिरवणार होते. पळाले. कारखान्याच्या फाटकात तो समोरून आला, डबा हातात. त्याला ताप सांगितला, शेजारीण सांगितली, डबा बदलून घेतला. चावी नाही सांगितली. विसरले? काय माहीत. रोज विचारते स्वतःला. मुकचा ताप तर दुपारी उतरला.

इस्पितळात तो शुद्धीवर आला, मी तोंड उघडलं तर म्हणाला, 'गप. दोघं घरी बसलो तर पोरीला कोण खायला घालेल? चावी मी फिरवली.' आणि गंमत बघा, तीन महिन्यांत मीच ते काम सोडलं. त्या यंत्रासमोर उभं राहवेना. म्हणजे तेही वाया गेलं. तोवर थवीनचं म्हणणं आचानच्या वहीत उतरलं होतं.

मग का नाही बोलले? बोलले असते! किती वेळा पाण्याचा पेला घेऊन आचानसमोर उभी राहिले. पण मग समितीपुढचं वाक्य खोटं, मग ही संस्था कशावर, मग थवीन कशाला उभा राहील त्या काचेपाशी? काल बघितलं, आचाननी स्वतः पवित्र दोरा त्या काचेभोवती गुंडाळला, सात वेढे. तो दोरा मी तोडू?

नका असं बघू. खा. गार होतंय.

आता काही बदलणार नाही, मला माहीत आहे. पट्टे तीनशे झालेत म्हणता, फीत कापली की जाणार. — तो बघा, आला. पांढरा सदरा, मीच इस्त्री केलीय, उजवी बाही टाचणीनं वर टाचलीय. तुम्ही काही ऐकलं नाही. पैसे राहू द्या, पहिला दिवस आहे तुमचा. उठा, उठा ना, त्याला कळेल आपण काय बोलत होतो ते.

फक्त एवढं — आचान भेटले की सांगा, थरथर जाणाऱ्याच्या हाताला नको, येणाऱ्याच्या हाताला हवी. कुणी सांगितलं विचारलं तर… फाटकावरची मांस भाजणारी म्हणा. नाही, तेही नको. येणाऱ्याच्या हाताला, बस. तेवढं सांगा. जा.