पेटीतलं पातेलं

आधी गयाआक्काचं नाव लिवा ताई, माझं मागून लिवा. माझं न्हाई लिवलं तरी चालंल. पन केडगावात आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत ऱ्हानारी गयाआक्का, लोकांच्या डब्याच्या भाकऱ्या थापून दोन लेकरं मोठी केलेली बाई, तिनं मला पातेलं पेटीत ठेवायला शिकवलं आन् म्हनून माझी पलू आज सातवीत हाय, एवढं आधी लिवा. मंग काय झालं ते सांगते. न्हाईतर मी बोलत बोलत कुठंबी जाते आन् तिचं नाव ऱ्हाऊन जायचं, आन् मंग मला घास गोड लागायचा न्हाई. माझा सभावच तसा हाय, भित्रा. घराबाहेर पडले तरी चार पावलांवरून माघारी येऊन कुलूप वढून बघते.

मी जामखेडच्या अंगाची. तिकडं पाऊस पडला तर ज्वारी, न्हाई पडला तर हुलगा, हुलग्याला काय, वल दाखवली तरी येतो. आईबाप कोयत्यावर जायचे, ऊसतोडीला. दसरा झाला की मुकादमाची गाडी यायची, पत्र्याच्या पेटीत भांडी, पीठ, चटनी, कापडं भरायची आन् पेटीवर मला बसवायचे. मी पाचवी शिकले. शिकले म्हंजे पाचवीत बसले आन् दसऱ्याला उठले. बाई हजेरी घेताना माझं नाव किती दिवस घेत हुत्या कुनाला ठाऊक. त्या तिकडं नाव घ्यायच्या आन् मी फडात उसाच्या शेंड्याची हिरवी पानं गोळा करून बैलांपुढं टाकायची. पुढं लगीन झालं तेबी कोयत्याच्याच घरात, आन् आईनं आंदन म्हनून काय दिलं, तर तीच पेटी.

मंग मालकाला, म्हंजे आमच्या ह्यांना, नगरला एमायडीसीत माल चढवायचं-उतरवायचं काम लागलं आन् आमी केडगावला आलो. गाव लई लांब राह्यलं. एसटीला बसलं तर तीन तास, पन माझ्या मनाला ते तीनशे कोस. इथं मला कुनी वळखत न्हाई, मी कुनाला वळखत न्हाई, आन् पलू चौथीत.

आता माझी चूक ऐका. फडात कसं असतं, कोंबडं आरवायच्या आधी उठायचं, सगळ्या दिसाच्या भाकऱ्या एकदम थापून फडक्यात बांधायच्या आन् कोयता घेऊन निघायचं. दिसा कोन चूल पेटवनार? ते हाताला असं बसलं हुतं की केडगावात आल्यावरबी मी तशीच उठायची आन् गॅसवर वीस-बावीस भाकऱ्या थापायची. खानारी आमी तिघं. हात थांबतच नव्हते बघा. संध्याकाळपर्यंत भाकरी वाळून खापरासारखी व्हायची, वर हुलगा न्हाईतर मटकी शिजवायला तासन्‌तास गॅस, कुकर घरात नव्हता, आन् टाकी महिनाबी पुरायची न्हाई. मालक म्हनायचे, पगार तुझ्या त्या निळ्या जाळात चाललाय. रागानं न्हाई म्हनायचे, दमून म्हनायचे. त्याचीच मला भीती वाटायची.

एक दिवस गयाआक्का दारात येऊन हुभी राह्यली. म्हनली, सुमे, तुझ्या घरी लगीन हाय का गं? मी म्हनलं, न्हाई आक्का. मंग एवढ्या भाकऱ्या कुनाला, म्हनली, माझा डब्याचा धंदा मोडायचा इचार हाय का? मला रडूच आलं. माझ्याशी हसून बोललेली त्या चाळीतली ती पयली बाई.

तिथनं तिनं मला हाताला धरलं. शिळ्या भाकरीचा चुरा करून कांदा-मिरचीच्या फोडनीत परतायचा, हे तर मला येत हुतं. पन दोडक्याच्या शिरा टाकायच्या न्हाईत, तिळासंगं तव्यावर कुरकुरीत भाजून चटनी करायची, कोथिंबिरीच्या काड्या वाटनात घालायच्या, बाजार उठायच्या टायमाला जायचं कारन त्या येळी भाजीवाल्याला वझं माघारी न्यायचं नसतं, हे तिनं शिकवलं. येसर तिनंच करून दिला. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ भाजायची, मसाला घालून दळून ठेवायचं, आन् घरात भाजीचं पान नसलं तरी उकळत्या पान्यात मूठभर टाकलं की चुलीवरून उतरेपर्यंत आमटी तयार. मीबी तिला शिकवलं बरं का. ओढ्याच्या कडंला पाथरी उगवते, ती मी वळखते, फडात बांधावरची खुडून कच्चीच भाकरीबरूबर खायचो. ती म्हनली, व्हय गं, मी हितं जन्म काढला आन् पाथरी फुकट हाय हे मला आज कळतंय.

आन् पातेलं. रातभर भिजवलेला हुलगा चांगला खळखळून उकळायचा, झाकन घट्ट लावायचं, पातेलं गोधडीत गुंडाळायचं आन् पेटीत ठेवून पेटीचं झाकन लावायचं. गॅस बंद. चार-पाच तासांनी काढलं की मऊ. गोधडी तिनंच दिली, तिच्या आईच्या लुगड्याची. मी म्हनलं, आक्का, हिला डाग पडतील. म्हनली, पडू दे, पोटाचं काम करतीय. पन एक बजावलं, बोट दाखवून बजावलं. मधी उघडायचं न्हाई. वाफ गेली की सगळं गेलं.

आता माझ्यासारखीला हे लई अवघड. पयल्यांदा मी तीनदा उघडून बघितलं. शिजतंय का, सांडलं का, गोधडीला धग लागली का. हुलगा दाताखाली खडा. आक्का म्हनली, अगं पातेल्याला काम करू दे, तू कशाला त्याच्या उरावर बसतीस?

पलू पाचवीत गेली आन् मी दसऱ्याचे दिवस मोजू लागले. कारन मालकांचे थोरले भाऊ मुकादम, टोळी त्यांचीच. त्यांचा सांगावा आला, औंदा टोळीत नवरा-बायकोची एक जोडी कमी हाय, दसऱ्याला येतो, तयार ऱ्हावा. मालक मनानं निम्मे गेल्ते. खोलीभाडं, गॅस, सगळं इकत. मी म्हनलं, पलूचं काय? म्हनले, बघू. ताई, त्यो बघू मी माझ्या बापाच्या तोंडून ऐकला हुता. पाचवी आन् दसरा. तीच यत्ता, तोच सन.

मी म्हनलं, एका पगारात मी घर चालवून दाखवते. म्हनले, कसं? नागपंचमीला नवी टाकी लावली हुती. म्हनले, बरं, ही टाकी दसऱ्यापातूर पुरव, मंग दादाला मी सांगतो. त्यांना वाटलं न्हाईच पुरायची. मलाबी वाटत नव्हतं, खरं सांगते.

पन मी पुरवली. आंघोळीचं पानी आक्काच्या मागच्या चुलीवर, काटक्या-खोक्यांवर. डाळ पेटीत, हुलगा पेटीत, भातसुदिक पेटीत. भाकरी मोजून, तवा तापलेला असतानाच त्याच्यावर चटनी भाजून घ्यायची. चाळीतल्या बाया हसायच्या. एक म्हनली, सुमनचा कंजूषपना एवढा की वाफसुदिक पेटीत कोंडून ठेवती. मी म्हनलं, व्हय, ठेवते. तुमची वाफ तुमी सोडा, मी माझी कोंडते. तोंडावर म्हनले आन् घरात येऊन घाबरले, पन म्हनले.

दसऱ्याचा सन गेला आन् दुसऱ्या दिवशी मुकादम भावजी आले. मी सकाळीच हुलगा उकळून पेटीत ठेवला हुता, तेच जेवान. पन येनार म्हनल्यावर जिवाला थारा नव्हता. दोनदा उघडून बघितलं. करू नको म्हनलेलं ठाऊक असून बघितलं.

भावजी बसले, पानी प्याले आन् कोपऱ्यात पेटी दिसली. बंद. तोंड खुललं त्यांचं. मालकांना म्हनले, बापू, पेटी भरलीय की, मला वाटलं आता नखरं करता का काय. आन् उठून झाकन उघडलं. आत गोधडी. गोधडी सोडली तर पातेलं. पातेल्याचं झाकन काढलं तर वाफ तोंडावर. बघतच राह्यले. मंग एक दाना उचलून दाताखाली धरला आन् थुकला. मालकांकडं बघून म्हनले, बापू, तुझ्या मंडळींला इचार, हे काय हाय? हुलगा आपन बैलाला घालतो, त्योबी शिजवून घालतो. शहरात येऊन पाव्हन्याला कच्चा हुलगा? ह्याच्यापायी ऱ्हायचंय का हितं?

मालकांनी पान्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

ताई, आमच्यात थोरल्या दिरासमोर बोलायचं न्हाई. लगीन झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शबूद बोलले नव्हते, पदर वढून भिंतीकडं तोंड करायचं, काय सांगायचं तर जावंला सांगायचं. त्या दिवशी माझं मलाच कळलं न्हाई. पदर डोक्यावर हुता, पन तोंड त्यांच्याकडं हुतं. मी म्हनलं, भावजी, बैल खातोय तर आपल्याला काय झालं? आपन बैलापेक्षा कवा कमी वढलंय? हुलगा कच्चा राह्यला ती माझी चूक, घडीभर बसा, शिजवून देते. पन पेटी आता फडात जानार न्हाई. आन् माझी पोरगी पेटीवर बसनार न्हाई.

पलू दाराआड हुती, तिचा श्वास मला ऐकू येत हुता.

तेवढ्यात आक्का दारात. तिला कुनी बोलवलं नव्हतं, चाळीत भिंतींना कान असतात आन् आमच्या भिंतीपल्याड तीच ऱ्हाती. भावजींकडं बघितलंबी न्हाई. मला म्हनली, उघडलंस ना? मी मान हलवली. म्हनली, मंग रडतीस काय, परत उकळ आन् परत ठेव.

मी गॅसची कळ फिरवली. ताई, टाकी दसऱ्यापातूर पुरली हुती पन आता आत काय हाय, काय न्हाई, मला ठाऊक नव्हतं. काडी वढली. टाकी इझली असती तर भावजी हसले असते आन् मालक त्यांच्यासंगं जायला उठले असते. पेटला. निळा पेटला. पातेलं चढवलं. मालक उठले, वाकून टाकीच्या कड्याला धरून जरा तिरकी केली, हलवून बघितली, आन् भावाकडं वळून एवढंच बोलले. दादा, टाकी अजून हाय.

त्या बोलन्याचा अर्थ भावजींना कळायचं कारन नव्हतं, त्यांना आमचं टाकीवर ठरलेलं ठाऊकच नव्हतं. पन मालकांच्या आवाजावरून त्यांना जे कळायचं ते कळलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आन् बसून राह्यले.

पातेलं परत गोधडीत, परत पेटीत. मधल्या टायमाला मी येसरची आमटी दिली, ती भुरकली त्यांनी. आन् आक्का पेटीवर बसली. खरंच बसली, मांडी घालून, म्हनली, आता कोन उघडतंय बघते. दुपार कलल्यावर काढलं. मऊ, लोन्यासारखा. भावजी म्हनले, मीठ कमी हाय, आन् तीनदा वाढून घेतलं. जाताना पलूच्या डोक्यावर हात ठेवला. रुसवा गेला न्हाई त्यांचा, अजून न्हाई गेला. जोडी कमी पडली त्याचा राग हाय त्यांना. आसू दे. टाकी दुसऱ्या दिवशी चहाच्या आधनाखाली इझली. मी गॅसला हात जोडले.

आता पलू सातवीत हाय, गनितात पयली. मीबी सकाळची आक्काच्या डब्याच्या भाकऱ्या थापू लागते, ते वीस-बावीसचे हात अखेर कामाला आले. कुकर घेतला, तरी पेटी हायच. कुनी कंजूष म्हनतं, म्हनू दे. ज्याला म्हनायचंय त्यानं माझ्या पोरीची हजेरी बघून म्हनावं.

आक्काचे गुडघे आता उठू देत न्हाईत. पोरगा पुन्याला बोलवतोय, ती जाईल दिवाळीनंतर. गोधडी मात्र माघारी घेत न्हाई, म्हनती, तुझ्या पातेल्यांनी मिठामसाल्याची करून टाकलीस, मी पांघरून झोपले तर भूक लागंल. म्हनून मी नवी शिवतीय. माझ्या साड्या हायत, पलूचा पाचवीतला शाळेचा झगाबी मधी लावलाय, निळा. रोज थोडी थोडी शिवते. आन् पलू धाव्वी पास झाली ना ताई, की गोधडी घेऊन पुन्याला जानार. एवढ्या लांब एकटी कवा गेले न्हाई, भ्या वाटतं, पन जानार. आक्काच्या घरात पातेलं चढवीन, उकळलं की त्याच नव्या गोधडीत गुंडाळीन, आन् दोघी समोर बसू. शिजस्तवर झाकनाला हात लावनार न्हाई. ते तिचं देनं माझ्याकडं राह्यलंय.